वडील समोर उभे, अर्जात मुलगा अनाथ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात गावाकडच्या ऑनलाइन अर्जांवर एक लेख होता. लोकांच्या हाती स्मार्टफोन आले, रील बघायला जमतात, पण साधा अर्ज भरायला जमत नाही. मग सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात आणि मधल्या लोकांची चांदी होते, असा त्याचा एकूण सूर. त्या मधल्या लोकांपैकी मी एक. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे, बाजाराच्या रस्त्याला माझं केंद्र आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि नेमका पावसाळ्यात दगा देणारा इन्व्हर्टर. चांदी होणाऱ्याचंही म्हणणं ऐकून घ्यावं, म्हणून लिहिते आहे.

आधी एक संध्याकाळ सांगते. एका शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते. आठ वाजून गेले होते, मी शटर अर्धं ओढलं होतं. नुकतीच बारावी झालेला एक मुलगा आणि मागून त्याचे वडील, दोघं शटरखालून वाकून आत आले. मुलाच्या हातात फोन, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. म्हणाला, "ताई, अर्ज गेलाय, पण आता अनाथ असल्याचं प्रमाणपत्र मागतंय."

वडील मागून म्हणाले, "आन् मी हितं हाय की उभा."

हसू आलं, पण हसण्यासारखं नव्हतं. झालं होतं असं. मुलाने घरी बसून तो अर्ज तीन वेळा भरला होता. नाव, आधार, उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर, बँकेचं खातं, सगळं बिनचूक. शेवटी आलं की पुढे जायला बटणच नाही. पान खालीवर सरकत होतं, बाजूला सरकत नव्हतं. पहिल्यांदा वाटलं नेट गेलं. दुसऱ्यांदा वेळ संपली म्हणून लॉगिन बाहेर फेकलं गेलं. तिसऱ्या वेळी मित्राने फोनवरून सांगितलं, 'डेस्कटॉप साइट' लाव. क्रोममध्ये वर तीन टिंबं असतात, त्यात खाली तो पर्याय आहे. लावला. बटण दिसलं, पण सगळं पान मुंगीएवढं झालं. त्या मुंग्यांत एक प्रश्न होता, 'आपण अनाथ आहात का?', आणि त्यापुढे दोन गोल, 'होय' आणि 'नाही'. बोट ठेवलं एकावर, उमटलं दुसऱ्यावर. अर्ज गेला.

आता या मुलाला अर्ज भरायला जमत नाही असं म्हणणार का? त्याने तर पान बनवणाऱ्याची चूक झाकायचा उपायसुद्धा शोधला होता. आणि तो एकटा नव्हे. माझ्याकडे मेंढरं राखणारे एक आजोबा येतात, सही करताना हात कापतो, पण तेही मला विचारतात, "डेस्कटॉप मोडवर टाकलं तर हुईल का?" काही कार्यालयं तर सूचनाच देतात, अर्ज डेस्कटॉप मोडमध्ये उघडावा. म्हणजे दार छोटं झालंय हे सुताराला माहीत आहे, आणि तो पाहुण्याला सांगतोय, वाकून या.

ते दोघं गेल्यावर मी तो अर्ज माझ्या संगणकावर उघडला. ब्राउझरमध्ये एफ-बारा दाबलं की पानाची आतली बाजू दिसते, आणि पान अमुक रुंदीच्या फोनवर कसं दिसेल तेही तिथेच बघता येतं. मी रुंदी ३६० पिक्सेल केली. आमच्याकडे येणारे दहा-बारा हजारांचे फोन ब्राउझरच्या हिशेबात बहुतेक तेवढेच रुंद असतात. खोक्यावर ७२० लिहिलेलं असतं, पण ते स्क्रीनचे बारीक ठिपके. ब्राउझर दोन ठिपके मिळून एक पिक्सेल धरतो. त्या ३६० मध्ये अर्ज बघितला आणि सगळं कळलं. कुणीतरी अर्जाची चौकट ७६० पिक्सेल अशी ठोकून बसवली होती आणि 'जतन करा'चं बटण तिच्या अगदी उजव्या टोकाला. फोनवर डावीकडचे ३६० दिसत होते, उरलेले ४०० काचेच्या बाहेर. बाजूला सरकवलं असतं तरी बटण सापडलं असतं, पण खाली ती आडवी सरकपट्टी वाईट दिसते म्हणून बनवणाऱ्याने तीच बंद करून टाकली होती. दुखणं तसंच ठेवून तोंडाला बोळा. फोन आडवा धरला असता तर ८०० पिक्सेल मिळून बटण दिसलंही असतं, पण मुलाच्या फोनवर स्क्रीन फिरणं बंद केलेलं. झोपून बघताना फिरते म्हणून सगळेच ते बंद ठेवतात.

डेस्कटॉप मोडची गंमत थोडी जुनी आहे. २००७ साली अ‍ॅपलचा पहिला आयफोन आला तेव्हा जगातली पानं संगणकाच्या रुंदीची होती आणि त्या फोनची स्क्रीन होती ३२० पिक्सेल. मग फोनमधल्या ब्राउझरने सोंग घेतलं. मी ९८० पिक्सेल रुंद आहे असं तो पानाला भासवायचा, पान तेवढ्यात मांडून घ्यायचा आणि मग अख्खं आक्रसून ३२० मध्ये कोंबायचा. हे सोंग नको असेल तर पानाच्या डोक्यात 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ घालावी लागते, की बाबा, जेवढा आहेस तेवढाच धर. ती ओळ नसेल किंवा आपण डेस्कटॉप मोड लावला, तर आमच्या अँड्रॉइडवरचा क्रोमही आज तेच करतो. आता हिशेब करा. १६ पिक्सेलचं अक्षर, ९८० चं पान ३६० मध्ये बसवलं, म्हणजे अक्षर उरलं सहाच्याही आत. साडेसहा इंची फोनवर ते जेमतेम एक मिलिमीटर भरतं. होय-नाहीचा गोल त्याहून लहान. माझं बोट, आणि मी काही पैलवान नाही, मोजलं तर टोकाला बारा मिलिमीटर आहे. मुलगा अनाथ झाला तो या त्रैराशिकात.

इथे वडिलांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील जुळारी होते, म्हणजे छपाईसाठी शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे. नंतर स्वतःचं ट्रेडल मशीन घेऊन त्यांनी गावात छापखाना टाकला. ज्या खोलीत आज माझे संगणक आहेत त्याच खोलीत खिळ्यांचे खण होते. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. गिऱ्हाईक आधी कार्ड निवडायचं, मग मजकूर द्यायचं. ऐपतीप्रमाणे कार्ड लहानमोठं, मजकूर मात्र सगळ्यांचा सारखाच, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आहेर आणू नयेत' पर्यंत. मोठ्या कार्डावर वडील वर आणि वधू शेजारी-शेजारी जुळवायचे, मधे 'व'. कार्ड अरुंद असलं की वर वरती, मधे 'व', खाली वधू. खाली आई-वडिलांची नावं, मग मुहूर्त. मजकूर तोच, एक शब्द कमी नाही की खिळा बारीक नाही; फक्त शेजारचं खाली आलं. स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलणारं पान, ज्याला आज रिस्पॉन्सिव्ह म्हणतात, ते याहून फार वेगळं नाही.

ओळ कुठे तोडायची याचीही त्यांची पथ्यं होती. 'चि.' ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीवर, असं त्यांनी कधी होऊ दिलं नाही. 'चि. सौ. कां.' एका दमात आलं पाहिजे. जागा नसेल तर शब्दांमधल्या फटी कमी-जास्त करायचे. आणि आज मी मोठमोठ्या साइटवर बघते, 'रु.' या ओळीला आणि '५००' पुढच्या ओळीला. दोन शब्दांमध्ये न तुटणारी जागा घालायची सोय आहे, फुकट आहे. घालायची आठवण कुणाला नाही. ज्या पट्टीत खिळ्यांची ओळ जुळवतात त्या स्टिकचं माप वडील 'एम'मध्ये मोजायचे. पुढे मी साताऱ्याला वेब डिझाइनचा क्लास केला तेव्हा सरांनी फळ्यावर लिहिलं, अक्षराच्या आकाराशी बांधलेलं माप म्हणजे एम. वर्गात मी एकटीच हसले.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतःचं पाप सांगते. २०११ साली मी पहिली साइट बनवली, गावातल्या एका मंगल कार्यालयाची. तेव्हा सगळे ९६० पिक्सेलची चौकट आखून घेत, मीही घेतली. तळाला झोकात लिहिलंही होतं, '१०२४ × ७६८ वर उत्तम दिसेल'. जणू मी गिऱ्हाइकाला सांगत होते, आमच्या कार्यालयात लग्न करायचं तर आधी अमुक मापाचा मॉनिटर घ्या. पाच वर्षं कुणी काही बोललं नाही, कारण कुणी बघतच नव्हतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फुकट नेट मिळालं, आणि त्या दिवाळीत मालकांचा फोन. "ताई, आपल्या हॉलचा फोटो अर्धाच का दिसतो? पाहुणे म्हणतात हॉल लहान आहे." फोटो ९०० रुंद, फोन ३६०.

दुरुस्तीला एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लागली. पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची ओळ घातली. फोटोंना सांगितलं, घराच्या भिंतीबाहेर जायचं नाही, जास्तीत जास्त रुंदी शंभर टक्के. आणि ९६० चे तीन रकाने होते त्यांची मापं पिक्सेलमधून टक्क्यांत नेली आणि खाली एक अट लिहिली, स्क्रीन ६०० पेक्षा कमी असेल तर तिन्ही एकाखाली एक. हे मी शोधून काढलं असं नाही. लवचिक रकाने, लवचिक चित्रं आणि स्क्रीनच्या रुंदीवर घातलेली अट, ही तिकडी ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरने मे २०१० मध्येच एका लेखात मांडली होती आणि 'रिस्पॉन्सिव्ह' हे नावही त्यानेच दिलं. अट लिहायची ती सोय, मीडिया क्वेरी म्हणतात तिला, जून २०१२ मध्ये वेबच्या मानकांत रीतसर दाखलही झाली. म्हणजे मी मंगल कार्यालयाचं पान ठोकून बसवत होते तेव्हा उपाय वर्षभर जुना होता, मला पत्ता नव्हता. तालुक्याच्या गावात बसलेल्या बाईला २०११ मध्ये पत्ता नसणं समजू शकतं. लाखो लोकांनी भरायचा अर्ज आज बनवणाऱ्याला पत्ता नसावा?

खरं तर पत्ता असतो. निविदेत 'रिस्पॉन्सिव्ह' हा शब्द असतोच, आणि बिल निघण्याआधी कुणीतरी वातानुकूलित खोलीत लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी लहान-मोठी करून दाखवतो. रकाने टपाटप एकाखाली एक येतात, साहेब मान डोलावतात. पण एकाखाली एक येताना कोण वर आणि कोण खाली हे कुणी विचारत नाही. संगणकावर डावीकडे मान्यवरांच्या तसबिरी, मधे अर्ज, उजवीकडे सूचना. फोनवर डावीकडचं सगळ्यात वर येतं. मग आमचा माणूस अंगठ्याने एकेक हसरा चेहरा वर ढकलत ढकलत अर्जापर्यंत पोचतो आणि 'अर्ज भरण्यापूर्वी वाचा' हे अर्ज भरून झाल्यावर वाचतो. वडिलांकडे यावरून एकदा भांडण झालं होतं. अरुंद कार्डावर वधू खाली का, असं मुलीच्या मामांनी विचारलं होतं. निदान विचारलं तरी होतं.

मराठीचं दुखणं तर वेगळंच. ही पानं आखली जातात इंग्रजी शब्द ठेवून आणि शेवटच्या आठवड्यात वरून मराठी ओतलं जातं. इंग्रजीत 'नेक्स्ट' मावेल एवढ्या उंचीचं बटण, त्यात 'पुढे' घातलं. खालचा उकार कापला, वरची मात्रा कापली, उरलं 'पढ'. 'शुल्क' चं 'शल्क'. देवनागरीला डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि पायाशी उकार, ऋकार. तिला इंग्रजीपेक्षा वर-खाली जास्त जागा लागते. बटणाची उंची ठोकून बसवू नये, आतल्या अक्षरांप्रमाणे वाढू द्यावी, एवढंच करायचं असतं. दुसरं, अक्षरांमध्ये फट टाकायची हौस. इंग्रजी मथळ्याला ती शोभते. मराठीला लावली की शिरोरेषा तुटते आणि मथळा दात पडल्यासारखा दिसतो. खिळ्यांच्या काळात दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी वडील प्रूफावर खूण करायचे. तिसरं, आमचे शब्द लांब. 'उपजिल्हाधिकारी' हा एकच शब्द अरुंद रकान्यात घाला. मधे तुटत नाही, मग शेजारच्या रकान्यावर जाऊन बसतो. शब्द मावला नाही तर तोडायची परवानगी देणारी एक ओळ सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी लिहायच्या भाषेत, आहे. त्याआधी रकाना जरा रुंद करता येतो का बघावं, पण निदान ती ओळ तरी.

तक्त्यांबाबत मात्र माझं मत वेगळं आहे आणि यावर माझा पुण्यातल्या भाच्याशी वाद झालेला आहे. तो म्हणतो, फोनवर प्रत्येक तक्ता फोडून चिठ्ठ्या करायच्या, एका ओळीची एक चिठ्ठी. अर्जाला ठीक आहे. पण गुणवत्ता यादी किंवा सातबारा फोडला की संपलं. यादीत माणूस आपल्या वरचा आणि खालचा बघतो. सातबाऱ्यावर गट, खातेदार, क्षेत्र, आकार हे एकमेकांशेजारी ठेवूनच वाचतात. चिठ्ठ्या केल्या तर कुठलं क्षेत्र कुणाच्या नावावर हे शोधत बसावं लागेल, आणि जमिनीच्या बाबतीत तेवढा गोंधळ भाऊबंदकीला पुरतो. तिथे तक्ता तक्ताच ठेवावा, फक्त तो तक्ता तेवढा बाजूला सरकू द्यावा आणि नावाचा पहिला रकाना जागेवर धरून ठेवावा. बाकीचं पान हलायचं कारण नाही. भाचा अजून मान्य करत नाही. त्याच्या नावावर जमीन नाही.

आणखी एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे, तो म्हणजे चिमटी बंद करणं. दोन बोटांनी फाकवून अक्षर मोठं करायची सोय पानावर मुद्दाम रोखून ठेवतात. त्याच व्ह्यूपोर्टच्या ओळीत तसं लिहिता येतं. कारण काय, तर मांडणी बिघडते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली म्हातारी माझ्यासमोर बसून फोनवर चिमटी काढत राहते, अक्षर जागचं हलत नाही, आणि ती स्वतःलाच बोल लावते, "माझ्या बोटांत आता काही राहिलं नाही गं." आयफोनने २०१६ पासून पानांची ही मनाई जुमानणं सोडलं आहे. अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन सुगम्यता (अ‍ॅक्सेसिबिलिटी) विभागात चिमटीची सक्ती करता येते. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वयस्क माणसाच्या फोनवर ती खूण करून देते, त्याचे पैसे घेत नाही. वाचकांनी घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर आजच करावी.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. ती वेबच्या ज्या जागतिक सुगम्यता निकषांवर उभी आहेत, त्या २०१८ च्या निकषांत स्पष्ट आहे, ३२० पिक्सेल रुंदीत पान वाचताना माणसाला उभं आणि आडवं दोन्हीकडे सरकवत बसावं लागू नये. तक्ते आणि नकाशांना सूट आहे, म्हणजे भाच्याशी वादात तेही माझ्या बाजूने. अक्षर दुप्पट केलं तरी मजकूर कापला जाऊ नये, हे तर त्याच्याही दहा वर्षं आधीच्या आवृत्तीत आहे. त्याच जागतिक निकषांच्या २०२३ च्या नव्या आवृत्तीत दाबायच्या जागेचं किमान मापही आलं, २४ पिक्सेल. आमच्या मुलाचा गोल पाच पिक्सेलही भरत नव्हता.

काही जण म्हणतील, मग अ‍ॅप काढा. काढलीच आहेत. प्रत्येक योजनेचं वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये अ‍ॅपला जागा नसते, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभातांनी ती भरलेली असते. अर्ज वर्षातून एकदा करायचा. त्यासाठी अ‍ॅप उतरवा, अपडेट करा, परवानग्या द्या, आणि अर्ज झाला की काढून टाका, हे म्हणजे एकदा पाणी प्यायला विहीर खणण्यासारखं. पान नीट असेल तर अ‍ॅपची गरज नाही.

आता हिशेबाचं. एका अर्जाचे मी ४० रुपये घेते. मुदतीच्या आठवड्यात दिवसाला तीस-चाळीस अर्ज होतात. त्यातले निम्म्याहून जास्त लोक फोनवर प्रयत्न करून, हरून आलेले असतात, हे मी त्यांना विचारते म्हणून सांगते. पान सुधारलं तर हे लोक येणार नाहीत आणि माझ्या पोटावर पाय येईल, हे मला कळतं. नवरा हे पत्र वाचून म्हणाला, स्वतःच्या हाताने शटर ओढते आहेस. तसं होणार नाही. कागद स्कॅन करायला, फोटो लहान करायला, आधारला मोबाईल कुठला जोडलाय हे आठवून द्यायला लोक येतीलच. आणि खरं सांगायचं तर, बटण दिसलं नाही म्हणून आलेल्या माणसाकडून ४० रुपये घेताना मला वडिलांचा चेहरा आठवतो. चुकीची जुळणी झाली तर ते पत्रिका परत छापून द्यायचे, कागद पदरचा.

माझं मागणं लहान आहे. कुठल्याही खात्याने अर्ज लोकांसाठी उघडण्याआधी दहा हजारांचा एक फोन घ्यावा, त्यात मराठी भाषा निवडावी, अक्षर एक पायरी मोठं करावं, आणि तो फोन पान बनवणाऱ्याच्या नव्हे तर त्याच कार्यालयातल्या शिपायाच्या किंवा त्याच्या मुलीच्या हातात द्यावा. शेजारी उभं राहून काही सांगू नये. ती अर्ज पूर्ण करून पोचपावतीपर्यंत गेली तर बिल काढावं. कळफलक वर आल्यावर अर्धी स्क्रीन झाकली जाते, वर ठाण मांडून बसलेली पट्टी आणि खाली चिकटलेली 'मदत हवी का' ही चौकट मिळून बाकीची झाकली जाते, आणि आपण काय लिहितोय हे दिसायला दोन बोटं जागा उरते, हे लॅपटॉपवर खिडकी लहान करून कधीच कळत नाही. फोन हातात घेतल्यावर पहिल्या मिनिटाला कळतं.

आपल्याही वृत्तपत्राच्या पानाबद्दल एक वाक्य, रागावू नये. तो डिजिटल निरक्षरतेचा लेख मी फोनवर वाचायला घेतला तेव्हा मजकुरावर साडीची जाहिरात आली, आणि ती बंद करायची फुली एवढीशी होती की मी तीनदा साड्यांच्या दुकानात जाऊन आले. लेख शेवटी छापील अंकात वाचला.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. 'अनाथ: होय' दुरुस्त करायला पुन्हा कार्यालयात अर्ज परत पाठवायची विनंती करावी लागली. त्यांनी पाठवला, मुदतीच्या शेवटच्या दुपारी. मी माझ्या संगणकावर 'नाही' केलं. वडिलांनी खुर्ची ओढून जवळ येऊन स्क्रीनवर स्वतः बघितलं आणि मगच मला दाबू दिलं. मी पैसे घेतले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी ते पिशवीभर घेवडा ठेवून गेले.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नये. ज्या साइटबद्दल लिहिलं आहे तिच्यावर मला रोज सकाळी दहा वाजता लॉगिन करावं लागतं. नाव-पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे.

आपली,
एक सेवा केंद्रचालक
ता. कोरेगाव, जि. सातारा